बाळाचं पहिलं वर्ष: कुठे अडून बसायचं, कुठे सोडून द्यायचं

बाळंतीण घरी आली की चारी बाजूंनी सल्ले सुरू होतात. सासूबाई सहाण काढून ठेवतात, आईचा फोनवर वेगळाच हट्ट असतो, मालिशवाल्या मावशींना पुढचं घर गाठायचं असतं, डॉक्टर चिठ्ठीवर तीन ओळी लिहून मोकळे होतात आणि रात्री दोनला दूध पाजताना हातातला मोबाईल म्हणतो की हे सगळेच चुकतायत. या सगळ्यांना खूश ठेवता येत नाही आणि सगळ्यांशी भांडायला अंगात ताकद नसते. म्हणून तडजोड करावीच लागते. ती कशी करायची, हे पहिलटकर आई-बाबांसाठी क्रमाने लिहिते आहे. घर आपलं नेहमीचंच धरलं आहे: दोघं नोकरीवाले, फ्लॅट लहान, गावाहून आलेली आजी आणि तिचा अनुभव.

माझा ठोकताळा असा: रीत त्यांची राहू द्यावी, हद्द आपण आखावी. पुढच्या बहुतेक पायऱ्यांत तोच लावलेला दिसेल.

पायरी १: बाळ यायच्या आधीच ‘यावर बोलणी नाहीत’ अशी यादी करा

डोहाळजेवणाच्या सुमारास, घरातल्या सगळ्यांची झोप पूर्ण होत असते तेव्हाच हे काम उरकून घ्या. यादी छोटी ठेवा. वीस कलमं असली तर कुणीच पाळत नाही, सहा-सात असली तर पाळतात. माझ्या मते त्यात एवढं हवंच:

- पहिले सहा महिने आईचं दूध, वरून काही नाही. पाणीही नाही, मे महिन्यातसुद्धा नाही. आईच्या दुधात जवळजवळ ८८ टक्के पाणीच असतं. (डॉक्टरांनी दिलेली औषधं आणि ड ​​जीवनसत्त्वाचे थेंब चालतात. हे थेंब, रोज ४०० युनिट, बाळाला वर्षभर द्यायचे असतात आणि घरोघरी तेच विसरले जातात.)
- वर्षाच्या आत मध नाही, बोटाला लावूनही नाही. मधात बोट्युलिझमच्या जिवाणूचे बीजाणू असू शकतात. मोठ्यांना त्यांचा त्रास होत नाही, पण तान्ह्याच्या आतड्यात ते वाढून विष तयार करू शकतात.
- बाळाला झोपवायचं ते पाठीवर.
- लसी चुकवायच्या नाहीत.
- बाळ असेल त्या खोलीत धूर नाही, मग तो सिगारेटचा असो, शेगडीचा असो की मच्छर कॉइलचा.
- तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ अंश फॅरेनहाइट किंवा त्याहून जास्त ताप आला, तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, लगेच डॉक्टर गाठायचा.
- कितीही वैताग आला तरी बाळाला गदागदा हलवायचं नाही. तान्ह्याच्या मेंदूला त्याने कायमची इजा होऊ शकते.

ही यादी घरात कुणी कुणाला सांगायची, याचाही नियम करा. नवऱ्याने आपल्या आईला सांगायचं आणि बायकोने आपल्या आईला. सुनेच्या तोंडून आलेली ‘मध नको’ ही सूचना अपमान ठरते, मुलाच्या तोंडून आलेली काळजी ठरते. अन्याय्य आहे, पण खरं आहे. त्याहून सोपा मार्ग म्हणजे पहिल्या तपासणीला आजीला सोबत न्यायचं आणि तिलाच डॉक्टरांना प्रश्न विचारू द्यायचे.

या यादीत जे नाही, त्यातलं जवळजवळ सगळं सोडून देता येतं. टोपडं उन्हाळ्यात घातलं, झबलं जुनंच वापरलं, बाळाला काळा दोरा बांधला (मनगटाला किंवा पायाला, गळ्यात नाही), पाचवीला पाटा-वरवंटा पुजला, तर काही बिघडत नाही.

पायरी २: सव्वा महिना, म्हणजे मालिश, धुरी, काजळ आणि गुटी

सर्वात जास्त घर्षण इथेच होतं, म्हणून जरा सविस्तर.

*मालिश.* मालिश हवंच असेल तर खोबरेल तेल उत्तम. मावशींना पहिल्याच दिवशी, पैसे ठरवतानाच, चार गोष्टी सांगून ठेवा: नाका-कानात तेल घालायचं नाही, बाळाची छाती पिळायची नाही, पाय धरून उलटं करायचं नाही आणि डाळीच्या पिठाने अंग खसखसून घासायचं नाही. नवजात बाळाची छाती, मुलगा असो की मुलगी, आईच्या संप्रेरकांमुळे थोडी सुजलेली असू शकते. ती आपोआप उतरते, पिळली तर जंतुसंसर्ग होऊन गळू होऊ शकतं. नाक मोठं आहे म्हणून चिमटीत धरून ‘नीट’ करणं, डोकं दाबून गोल करणं, हेही नको. बाकी मावशींचा हात, त्यांची गाणी, पायांवर पालथं घेऊन पाणी घालायची लकब यात ढवळाढवळ करू नका. पाण्याचा गरमपणा मात्र रोज तुमच्या कोपराने तपासा. ‘पोर रडलं की अंग मोकळं होतं’ हे वाक्य तुम्ही ऐकालच. ऐकून सोडून द्या आणि आंघोळ लवकर आटपायला लावा.

*शेक आणि धुरी.* बाळंतिणीला शेक घेतल्यावर बरं वाटतं हे खरं, पण बंद खोलीत निखाऱ्यांची शेगडी ठेवणं धोक्याचं आहे. त्यातून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि तो माणसं मारतो. तडजोड अशी: आईच्या कंबरेला ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून शेक द्यायचा. धुरीचा आग्रह सुटत नसेल तर बाळ दुसऱ्या खोलीत असताना, खिडकी उघडून, ऊद फिरवायचा आणि धूर विरल्यावरच बाळाला आत आणायचं. आजीला वासाचं समाधान मिळतं आणि बाळाच्या छातीत काही जात नाही.

*काजळ.* डोळ्यांत नाही. बाजारातल्या काही काजळ-सुरम्यांत शिसं सापडलेलं आहे आणि घरी पाडलेलं असलं तरी घालणाऱ्या बोटाचे जंतू डोळ्यांत जातात. दृष्टीसाठी तीट तळपायाला लावा. दृष्ट तिथूनही निघते असं बहुतेक आज्या मान्य करतात. नाळेलाही काही लावायचं नाही. ती कोरडी ठेवली की सुकून आपोआप गळते, साधारण एक-दोन आठवड्यांत.

*गुटी.* इथे तुम्हाला सगळा संयम लागेल. जायफळ, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, सुंठ, ज्येष्ठमध, हिरडा, बदाम, खारीक सहाणेवर उगाळायची आणि एकेकाचे वेढे वाढवत न्यायचे, ही आजीच्या हातची विद्या आहे. ‘तुला याच्यावरच वाढवलंय’ या वाक्याला उत्तर नसतं. अडचण एवढीच, की सहाणेवर किती उतरलं याचा हिशोब राहत नाही, जायफळ-वेखंडासारखी द्रव्यं जास्त झाली तर अपाय करतात, आणि सहाण व पाणी निर्जंतुक नसतं. पहिल्या सहा महिन्यांत जुलाब होण्याचा तो एक सरळ रस्ता आहे. म्हणून ‘गुटी नाही’ म्हणण्याऐवजी ‘गुटी सहा महिन्यांनंतर, डॉक्टरांना विचारून’ म्हणा. सहा महिने झाले की खारीक-बदामाची बारीक पूड नाचणीच्या सत्त्वात घालायचं काम आजीकडेच सोपवा. तोवर तिच्या विद्येला आईच्या ताटाकडे वळवा. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेपेचं पाणी यांवर तिचं राज्य असू दे. (अळिवात लोह भरपूर असतं, आणि बाळंतिणीला ते हवंच असतं.) मेडिकलमध्ये मिळणारी ग्राइप वॉटरं आणि बाटलीतल्या घुट्ट्याही याच नियमात बसतात. नुसत्या लेबलवर ‘बाळांसाठी’ लिहिल्याने त्या सुटत नाहीत.

जन्मल्याबरोबर सोन्याच्या अंगठीने मध चाटवायची रीत असेल, तर अंगठी बाळाच्या मुठीला लावा आणि पहिली चव चिकाची असू द्या.

पायरी ३: दूध पुरतंय का, हे लंगोटाला विचारा

‘तुझं दूध पुरत नाहीये’ हे वाक्य घरात कुणीतरी म्हणणारच, बहुधा पहिल्याच आठवड्यात. तेव्हा वाद न घालता मोजा. पाचव्या-सहाव्या दिवसानंतर चोवीस तासांत सहा किंवा जास्त वेळा शू होत असेल तर दूध पोटात जातंय. जन्मानंतरच्या काही दिवसांत बाळाचं वजन थोडं उतरतं, दहा टक्क्यांपर्यंतची घट दिसू शकते, आणि साधारण दोन आठवड्यांत ते जन्मावेळच्या वजनाला परत येतं. पाच-सहा महिन्यांत दुप्पट आणि वर्षाला तिप्पट, असा ढोबळ हिशोब. वजन दर आठवड्याला घरच्या काट्यावर करू नका, त्याने फक्त भांडणं वाढतात. शू कमी झाली, बाळ सुस्त पडून राहिलं, प्यायला उठेना झालं, तर मात्र त्याच दिवशी दाखवा.

दूध खरंच पुरत नसेल, किंवा आईला औषधांमुळे, आजारामुळे पाजता येत नसेल, तर पावडरचं दूध द्यावं लागतं. त्यात गुन्हा काही नाही. आपल्याकडे १९९२ च्या कायद्याने या पावडरींची जाहिरात करायला बंदी आहे, म्हणजे त्या विष आहेत असं नव्हे. जाहिरातीला भुलून आईचं दूध तुटू नये एवढाच हेतू आहे. पावडर डब्यावर लिहिलेल्या मापानेच कालवा. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून पाणी वाढवणं ही सर्वात घातक काटकसर. बाटलीपेक्षा वाटी-चमचा किंवा आजीचं चांदीचं बोंडलं बरं, कारण ते नीट घासता आणि उकळता येतं. बाटलीच हवी असेल तर प्रत्येक वेळी तिचे सगळे भाग सुटे करून उकळा. रात्री तीनला हे नको वाटतं, म्हणून संध्याकाळीच चार बाटल्या उकळून झाकून ठेवा.

बाजूने एक सांगते: ‘पूर्ण आईचं दूध’ आणि ‘पूर्ण पावडर’ यांच्या मधल्या जागेत पुष्कळ घरं सुखाने नांदतात. रात्रीचं एक पाजणं बाबांनी केलं आणि आई सलग पाच तास झोपली, तर उरलेली पाजणी टिकतात. मात्र दूध बसेपर्यंत, म्हणजे पहिले चार-सहा आठवडे, ही सवलत शक्यतो घेऊ नका.

पायरी ४: झोप

पुस्तकी उत्तर सरळ आहे: बाळ आई-बाबांच्याच खोलीत, पण वेगळ्या, टणक, सपाट गादीवर, पाठीवर, उशी नाही, दुलई नाही, खेळणी नाहीत. आपल्या घरांत बाळ आईच्या कुशीतच झोपतं. दोन्ही माहीत असूनही तुम्ही कुशीत घेणार असाल, तर निदान धोका कमी करा. पलंगाऐवजी जमिनीवर टणक गादी घाला. बाळ आईच्या एका अंगाला ठेवा, दोघांच्या मध्ये नाही. गोधडी बाळाच्या तोंडापर्यंत येणार नाही असं बघा. आई-बाबांपैकी कुणी सिगारेट ओढत असेल, दारू किंवा झोप आणणारं औषध घेतलं असेल, किंवा बाळ अपुऱ्या दिवसांचं वा कमी वजनाचं असेल, तर कुशीत झोपवणं नाहीच. आणि सोफ्यावर बाळाला छातीवर घेऊन डुलकी काढणं सर्वात वाईट. रात्री पाजताना झोप येणार हे दिसत असेल, तर सोफ्यावरून उठून गादीवरच जा.

मोहरीची उशी हा दुसरा कळीचा मुद्दा. डोकं गोल व्हावं म्हणून ती भेट येतेच. झोपेत उशी नको, पण जागेपणी, समोर बसून, तासभर ठेवली तर आजीचं मन राहतं. डोकं चपटं होऊ नये यासाठी खरा उपाय वेगळा आहे: बाळ जागं असताना दिवसातून थोडा थोडा वेळ पोटावर ठेवा आणि झोपताना डोक्याची बाजू आलटून-पालटून बदला.

साडीच्या झोळीत बाळ पटकन झोपतं, यात वाद नाही. पण झोळीत पाठ वाकते, हनुवटी छातीला टेकते आणि श्वासाला अडथळा येऊ शकतो. झोळीत झोपवा, डोळा लागला की उचलून सपाट जागी ठेवा. चार वेळा उठेल, पाचव्यांदा राहील. टणक तळाचा लाकडी पाळणा असेल तर तोच सर्वात चांगला, फक्त बाळ कुशीवर वळायला लागलं की कठडा किती उंच आहे ते बघा.

दुपट्यात गुंडाळायचं तर हात-छातीशी बसेलसं, पण पाय मोकळे. पाय सरळ ताणून बांधले तर खुब्याच्या सांध्याला त्रास होतो. बाळ वळायचा प्रयत्न करू लागलं की गुंडाळणं बंद.

पायरी ५: कातरवेळचं रडणं

दिवे लागणीला बाळ रडायला लागतं, दूध घेत नाही, मांडीवर थांबत नाही. हे रडणं साधारण सहाव्या आठवड्यात टोकाला पोचतं आणि तीन-चार महिन्यांत ओसरतं. या काळात आजी मीठ-मोहरीने दृष्ट काढेल. काढू द्या, मनापासून काढू द्या. मिरच्या मात्र बाळाच्या नाकाजवळ जाळायच्या नाहीत. भूक, ओला लंगोट, उकाडा, टोचणारी शिवण हे सगळं बघून झालं आणि तरीही रडणं थांबत नसेल, आणि तुमचा तोल जायला लागला असेल, तर बाळाला पाळण्यात पाठीवर ठेवून पाच मिनिटं बाहेर गॅलरीत जा. ताप, हिरवी उलटी, रक्ताची शी किंवा नेहमीपेक्षा वेगळं, किंचाळल्यासारखं रडणं असेल तर ते कातरवेळचं रडणं नव्हे, दवाखान्यात जा.

पायरी ६: लंगोट की डायपर

दिवसा लंगोट, रात्री आणि बाहेर जाताना डायपर. यावर अधिक विचार करू नका. जून ते सप्टेंबर कोकणपट्टीत लंगोट वाळत नाहीत, तेव्हा डायपर वाढतील, चालायचंच. अंग लाल झालं तर काही तास उघडं ठेवा, खोबरेल किंवा झिंकचं मलम लावा, पावडर शिंपडू नका, ती बाळाच्या श्वासात जाते. वापरलेला डायपर कागदात गुंडाळून वेगळा द्या. पुण्यात त्यावर लाल ठिपका काढायची पद्धत आहे. कचरा हाताने निवडणाऱ्या माणसाला आत काय आहे ते उघडून बघावं लागू नये, म्हणून ती कुठल्याही गावात पाळण्यासारखी आहे.

पायरी ७: लसी

जन्मल्याबरोबर बीसीजी, पोलिओ आणि कावीळ ब. मग ६, १० आणि १४ आठवड्यांना. मग ९ महिन्यांना. सरकारी वेळापत्रकातल्या लसी आरोग्य केंद्रात आणि महापालिकेच्या दवाखान्यात फुकट मिळतात. खासगी दवाखान्यात काही जास्तीच्या लसी आणि कमी ताप येणारी महाग लस मिळते. पैसे जपून खर्च करायचे असतील तर आधी सरकारी वेळापत्रक पूर्ण करा आणि जास्तीच्या लसींतल्या कुठल्या घ्यायच्या ते बालरोगतज्ज्ञांना विचारून ठरवा. अमावस्या आहे म्हणून एक दिवस पुढे ढकलली तर चालतं, ‘सर्दी आहे’ म्हणून महिनाभर ढकललेली चालत नाही. साध्या सर्दीत लस देता येते. उशीर झालाच तर पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही, राहिलेला डोस घेऊन पुढे जायचं.

पायरी ८: रजा संपण्याआधीचा हिशोब

२०१७ च्या दुरुस्तीपासून पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची पगारी प्रसूती रजा आहे, त्यातले ८ आठवड्यांपर्यंत बाळंतपणाआधी घेता येतात. इथे गणित करा. आठही आधी घेतले तर बाळ चार महिन्यांचं असताना तुम्हाला कामावर जावं लागतं, वरचं अन्न सुरू व्हायला दोन महिने बाकी असताना. डॉक्टरांची हरकत नसेल आणि लोकलचा प्रवास झेपत असेल तर आधीची रजा कमी घ्या, सहा महिने बाळासोबत मिळतील. झेपत नसेल तर ओढून-ताणून जाऊ नका, काढून ठेवलेल्या दुधावर दोन महिने भागतं. पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या ठिकाणी पाळणाघराची सोय हवी, आणि बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत पाजण्यासाठी दिवसातून दोन सुट्ट्या मिळायला हव्यात. हे लेखी मागा. बाबांसाठी केंद्र सरकारी नोकरीत १५ दिवस आहेत, खासगीत कायद्याने काही नाही. तिथे साठवलेली रजा एकदम घेण्यापेक्षा सासर-माहेरची मदत परत गेल्यावर घ्या. पहिल्या आठवड्यात घरात माणसं भरपूर असतात, दुसऱ्या महिन्यात कुणी नसतं.

काढलेलं दूध बाहेर चार तासांपर्यंत टिकतं असं सांगतात, पण ते थंड खोलीसाठी. आपल्या उन्हाळ्यात लगेच फ्रिजमध्ये टाका, दारात नाही, आतल्या बाजूला. तिथे चार दिवस चालतं. मायक्रोवेव्हमध्ये गरम करू नका, वाटी कोमट पाण्यात धरा. आधी काढलेलं आधी वापरायचं, म्हणून झाकणावर तारीख-वेळ लिहा.

बाळाला सांभाळणार कोण, याचं एकच बरोबर उत्तर नाही. आजी सांभाळणार असेल तर तिचे गुडघे, तिची दुपारची झोप आणि तिचा भजनाचा वार यांची जागा आधी ठरवा. पैशांत मोजता येत नाही म्हणून ती मदत फुकट धरली जाते आणि वर्षाअखेरीस त्याचंच भांडण होतं. आठवड्यातला एक पूर्ण दिवस आजीला सुट्टी असावी असं माझं ठाम मत आहे. बाई ठेवणार असाल तर तुम्ही घरी असतानाच दोन आठवडे तिला कामाला लावा. पाळणाघर बघायला न सांगता, दुपारी जा. झोपायच्या वेळी किती मुलांमागे किती माणसं आहेत आणि टीव्ही चालू आहे का, हे त्याच वेळी दिसतं. पाळणाघरात गेलेलं मूल पहिले काही महिने सतत सर्दी-तापाने आजारी पडतं. त्यासाठी दोघांच्याही रजा राखून ठेवा, एकट्या आईच्या नाही.

पायरी ९: उष्टावण आणि त्यानंतरचं रणांगण

सहा महिने पूर्ण झाले की वरचं अन्न. मुलाचं उष्टावण सम महिन्यात, मुलीचं विषम महिन्यात असा रिवाज आहे. मुलीचं ‘पाचव्यात करू’ असं कुणी म्हणालं तर ‘सातव्यात करू’ म्हणा. सहा पूर्ण होऊन सातवा लागलेला असतो, रिवाजही राहतो आणि डॉक्टरही. मामाच्या मांडीवर खिरीचा एक ठिपका जिभेला लागला, एवढं पुरे.

रोजच्या जेवणात सर्वात मोठी फसवणूक डाळीच्या पाण्याची आहे. वरणाचं वरचं पाणी, भाताची पातळ पेज यांनी पोट भरतं पण पोसत नाही. चमचा तिरका केला तर घास ओघळून जाऊ नये, इतकं घट्ट हवं. मऊ गुरगुट्या भात, घट्ट वरण, वर चमचाभर तूप, मुगाची खिचडी, नाचणीचं सत्त्व, उकडून कुस्करलेला बटाटा, भोपळा, रताळं, केळं. सुरुवातीला दोन-तीन चमचे, दिवसातून दोनदा. नवव्या महिन्यापर्यंत अर्धी वाटी, तीन-चार वेळा, आणि मधे आईचं दूध चालूच.

सहाव्या महिन्यानंतर बाळाचा जन्मजात लोहाचा साठा संपत येतो, म्हणून डाळी, पालेभाजी, अंडं, मासे, मटणाचा खिमा यांपैकी घरात चालतं ते लवकर सुरू करा. अंडं वर्षानंतर द्यायचं हा जुना समज आहे. नीट शिजवलेलं अंडं सातव्या महिन्यातही चालतं. शाकाहारी घरात यावरून महाभारत नको, डाळी-पालेभाजी आणि वर लिंबाचे दोन थेंब, म्हणजे लोह जास्त शोषलं जातं. लोहाचे थेंब द्यायचे का ते डॉक्टरांना विचारा. शेंगदाणे बारीक कुटाच्या रूपात चालतात, अख्खे नाहीत.

मीठ-साखरेवर अशी तडजोड होते: फोडणी आणि मीठ घालण्याआधी बाळाची वाटी बाजूला काढायची. साखर-गूळ वर्षभर नाहीच. आजोबांना चहात बुडवलेलं बिस्कीट नातवाला भरवायची हौस असते. त्यांच्या हातात त्याऐवजी दुधात कुस्करलेली भाकरी द्या. भरवण्याचा आनंद त्यांचा राहतो आणि चहा बाळाच्या पोटात जात नाही. अन्नात थोडं गाईचं दूध चालतं, पण प्यायचं मुख्य दूध म्हणून वर्षाच्या आत नाही.

‘मोबाईल लावल्याशिवाय खातच नाही’ या वळणावर पुष्कळ घरं येतात. जागतिक आरोग्य संघटना वर्षाखालच्या बाळाला पडदा अजिबात नको म्हणते. इथे मी कडक आहे, कारण पडद्यासमोर बाळ चव आणि भूक दोन्ही न कळता गिळत राहतं, आणि मोबाईल काढला की तोंड बंद होतं. दोन घास कमी गेले तरी चालतील. खिडकीतले कावळे, गल्लीतली रिक्षा, चमचा-वाटीचा आवाज यांवर भागवा आणि सांडलेलं पुसायला जुना टॉवेल ठेवा. अमेरिकेतल्या किंवा गावाकडच्या आजी-आजोबांशी पाच मिनिटं व्हिडिओ कॉल हा अपवाद आहे. त्यात समोर बोलणारा माणूस असतो.

पायरी १०: रांगणारं बाळ आणि दोन हात उंचीचं घर

एकदा स्वतः जमिनीवर आडवे पडून घर बघा. विळी, केरसुणी, मच्छर मारणाऱ्या यंत्राची बाटली, उंदराच्या गोळ्या, देवघरातली समई, खाली लोंबणारी चार्जरची वायर, रिमोटमधली चपटी बटण बॅटरी. ही बॅटरी गिळली तर काही तासांत अन्ननलिका भाजते, ताबडतोब रुग्णालय. न्हाणीघरातली बादली रिकामी करून पालथी घालायची सवय लावा, चार-पाच बोटं पाण्यातही बाळ बुडू शकतं.

वॉकर भेट म्हणून येईल. घेऊ नका, आलाच तर वापरू नका. त्याने बाळ लवकर चालत नाही, उलट जिन्यावरून गडगडतं. कॅनडाने तर २००४ मध्ये त्याच्या विक्रीवर बंदी घातली. आपल्याकडचा लाकडी पांगुळगाडा बरा: बाळ आधी स्वतःच्या पायावर उभं राहतं, मग तो ढकलतं. तरीही कुणीतरी सोबत हवं.

पहिल्या संक्रांतीनंतरचं बोरन्हाण या काळातच येतं. बोरं, उसाचे करवे, हरभरे, हलवा हे सगळे घशात अडकायचे पदार्थ. बाळावरून फक्त चुरमुरे आणि फुलांच्या पाकळ्या ओता, बोरं-ऊस मोठ्या मुलांच्या हातात द्या, आणि बाळाच्या मुठीवर नजर ठेवायला एका मावशीला नेमा. फोटो काढणारा माणूस ते काम करू शकत नाही. हलव्याचे दागिने फोटोपुरते घाला आणि लगेच उतरवा.

पायरी ११: तुम्ही दोघं

रात्री वाटून घ्या. नऊ ते दोन एक, दोन ते सात दुसरा. ‘दोघंही अर्धवट जागे’ यात कुणाचाच फायदा नाही. बाबांना ‘मदत कर’ म्हणू नका, काम नावावर करा: आंघोळ त्यांची, लसीची तारीख त्यांची, दवाखान्याची फाईल त्यांची. काम जसं होईल तसं होऊ द्या. लंगोट वाकडा बांधला तरी शू त्यातच होते.

बाळंतपणानंतर पहिले काही दिवस कारण नसताना रडू येणं बहुतेकींना होतं आणि दोन आठवड्यांत ओसरतं. त्याहून लांबलं, बाळाजवळ जावंसं वाटेना, बाळ झोपलेलं असतानाही झोप येईना, स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार आले, तर तो आजार आहे आणि त्यावर उपचार आहेत. प्रसूतीच्या डॉक्टरांना सांगा किंवा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर फोन करा, तिथे मराठीत बोलता येतं. ‘आमच्या वेळी असली थेरं नव्हती’ या वाक्याला उत्तर देत बसू नका. हा फोन बायकोच्या वतीने नवराही करू शकतो, आणि पुष्कळदा त्यानेच करावा लागतो.

पायरी १२: वाढदिवस झाला की यादी नव्याने लिहा

वर्ष पूर्ण झालं की मधाची बंदी उठते, गाईचं दूध कपाने देता येतं, घरचं जेवण कमी तिखट-मिठाचं करून बाळाला त्यातलंच वाढता येतं. नवीन बंद्या येतात: अख्खे शेंगदाणे, द्राक्षं, फुटाणे चार-पाच वर्षांचं होईपर्यंत नाहीत. केकवरच्या मेणबत्त्या विझवायला बाळाला जवळ नेताना झिरमिळ्यांचे कपडे घालू नका. आणि १६ ते २४ महिन्यांच्या मधे गोवर-रुबेलाचा दुसरा डोस आणि त्रिगुणीचा (घटसर्प, डांग्या खोकला, धनुर्वात यांवरची लस) बूस्टर असतो. पहिल्या वर्षाच्या लसी झाल्या की फाईल कपाटात मागे जाते आणि हाच डोस सर्वात जास्त राहून जातो, तेव्हा वाढदिवसाच्या आमंत्रणाबरोबरच तो भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून टाका.